डेटा ॲनालिटिक्सची डिग्री आणि आजोबांच्या दाखल्यावरचा एक शब्द

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी मगरिबनंतर लोकांची ये-जा सुरू होते. चहा होतो, खैरियत विचारली जाते आणि मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून गुणपत्रिका बाहेर निघते. पूर्वी प्रश्नही ठरलेला असायचा आणि उत्तरही. मुलगा असेल तर आयटीआय, डिप्लोमा. मुलगी असेल तर डीएड, बीएड, फार तर फार्मसी. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र चौक मंडईपासून वडाळा गावापर्यंत एक नवाच प्रश्न कानावर येतो आहे: "सर, ती डेटाची लाइन कशी आहे?"

यंदा आलेले एक वालिद फळांचे व्यापारी, बागवान. मुलीला बारावी कॉमर्सला चांगले मार्क. एका क्लासवाल्याने त्यांना पटवलं होतं की डिग्रीची काही गरजच नाही, सहा महिन्यांत मुलगी 'डेटा सायंटिस्ट' होईल, नोकरीची हमी आमची. फीचा आकडा ऐकला आणि आमच्या हातातला कप हातातच राहिला. त्यातली निम्मी रक्कम ते भरूनही बसले होते. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं, भरलेली फी परत मिळणार नाही. क्लासचं नाव आम्ही लिहीत नाही. असा क्लास काही एकच नाही, शहराच्या प्रत्येक भागात त्याचे भाऊबंद बसले आहेत.

प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर 'चांगली लाइन आहे, घ्या' किंवा 'फसवणूक आहे, सोडा' एवढ्यावर भागणारं नाही. घरात शिक्षणासाठी पैसा एकदाच उभा राहतो. तो चुकीच्या जागी गेला की धाकट्या भावंडांची तालीमही मागे पडते. म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी हे काम काय आहे ते. डेटा म्हणजे काय हे आम्हा शिक्षकांना कुणी समजावून सांगायला नको, वर्षातले कितीतरी दिवस आम्ही तोच भरत असतो. सरल पोर्टल, यू-डायस प्लस, आता अपार आयडी. (शिकवायचं कधी, असं विचारू नका.) एकाच मुलाचं नाव जन्मदाखल्यावर 'शेख मोहम्मद', शाळेच्या जनरल रजिस्टरला 'मो. शेख', आधार कार्डावर इंग्रजीत तिसऱ्याच स्पेलिंगने. आडनावाचा रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही, आणि आपल्यातल्या कित्येक घरांत आडनाव म्हणून काय लिहायचं हेच ठरलेलं नसतं. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी मुलं. ती एकच आहेत हे ओळखून रकाने सरळ करणं ही डेटा ॲनालिटिक्सची पहिली पायरी. या क्षेत्रात लागलेले आमचे जुने विद्यार्थी सांगतात की कामाचा मोठा वेळ याच साफसफाईत जातो. जाहिरातीतल्या रंगीत आलेखांची पाळी फार उशिरा येते.

साफसफाईनंतर मोजणी, मोजणीनंतर प्रश्न. आकडा वाढला तो खरंच वाढला की मोजण्याची पद्धत बदलली? सरासरी सांगितली, पण तिच्याभोवती फरक किती? दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं म्हणता येईल का? यालाच संख्याशास्त्र म्हणतात, उर्दूत शुमारियात. बाकी एक्सेल, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय ही सगळी हत्यारं. हत्यारं दर पाच-सात वर्षांनी बदलतात, शुमारियात बदलत नाही.

नाशिककरांना याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी इथल्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. पुढचा कुंभ २०१५ मध्ये आला. तेव्हा नाशिकचेच सुपुत्र, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबचे प्रा. रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' नावाचा उपक्रम चालला होता. त्यात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी पोरगा सामील झाला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी पायाखाली अंथरायची एक साधी चटई तयार केली. पाऊल पडलं की दाब नोंदला जातो, म्हणजे या रस्त्यावरून मिनिटाला किती माणसं गेली ते कळतं, आणि गर्दी धोक्याच्या पातळीला जाण्याआधी पोलिसांना रस्ता वळवता येतो. 'आशिओतो' हे तिचं नाव, जपानीत पावलांचा आवाज. पुढे टेडच्या मंचावर त्याने सांगितलं की चटईने १८ तासांत पाच लाखांच्या आसपास माणसं मोजली.

यात महागडं असं काही नव्हतं. प्रश्न नेमका होता: कुठे, किती, कधी. पुढचा कुंभ २०२७ मध्ये आहे. यंदा पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारी मुलं तोवर तिसऱ्या वर्षाला असतील. गर्दी, वाहतूक, पाणी, दवाखाने या सगळ्यासाठी आकडे लागणार आहेत, आणि कुंभाच्या दिवसांत जुन्या नाशकातल्या आपल्या गल्ल्याही त्याच गर्दीचा भाग असतात. आपल्या पोरांनी त्या कामात का नसावं?

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. मार्च २००५ मध्ये नेमलेल्या सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्याच्या नावाने गेली वीस वर्षं सभा गाजतात, पण तो अहवाल मुळात आहे काय? २००१ ची जनगणना, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण, बँका आणि सरकारी खाती यांच्याकडून मागवलेले आकडे घेऊन, मुसलमानांचं शिक्षण, नोकरी, कर्ज, वस्तीतल्या सोयी यांची इतर समाजांशी रकाना-रकाना करून केलेली तुलना. समितीचे सदस्य-सचिव अबुसालेह शरीफ हे अर्थतज्ज्ञ. त्याआधीही आपण मागास आहोत हे मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण 'ठाऊक असणं' सरकार दरबारी चालत नाही. आकडा चालतो. आणि याच अहवालाच्या मोठ्या शिफारशींपैकी एक होती, राष्ट्रीय डेटा बँक उभारा. आपले नेते आरक्षणाची मागणी तोंडपाठ म्हणतात, डेटा बँकेची कुणाच्या लक्षातही नाही. महाराष्ट्रात महमूदूर रहमान समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या भागाला स्थगिती दिली नाही, आणि तरीही अध्यादेशाची मुदत संपली तसा तो विरून गेला. ही कहाणी आपल्या वाचकांना पाठ आहे, पुन्हा सांगत नाही.

आकडे वाचता न येण्याचा तोटा कसा होतो तेही बघा. २०२३ च्या जानेवारीत उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचा अहवाल आला. २०१९-२० साली देशात कॉलेजात शिकणारे मुस्लिम विद्यार्थी २१ लाख होते, २०२०-२१ साली ते १९ लाख २१ हजारांवर आले. आठ टक्क्यांची घट. एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा ४.६ टक्के, लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार १४.२ टक्के. मोबाइलवर हा आकडा महिनाभर फिरला. कुणी म्हणालं मुलांना शिकायचंच नाही, कुणी म्हणालं कारस्थान आहे. शांतपणे बसून विचारायचे प्रश्न कुणी विचारले नाहीत. ते कोविडचं वर्ष होतं, मग एकूण विद्यार्थी त्या वर्षी वाढले असताना आपलेच का कमी झाले? घट सगळीकडे सारखी होती का? तर नाही, एकट्या उत्तर प्रदेशात ती ३६ टक्के होती. एका राज्यात इतका मोठा खड्डा दिसला की जाणकार माणूस आधी तिथल्या नोंदी तपासतो. आणि पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, देशाचा आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला. म्हणजे मुलं खरंच गेली आणि परत आली, की मोजण्यात गडबड झाली, की थोडं हे थोडं ते? हे शोधायला जे शिक्षण लागतं ते हेच. वाटा पाच टक्क्यांच्याही खाली आहे ही चिंता त्याने पुसली जात नाही, पण नेमकी कशाची चिंता करायची ते कळतं.

२०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे, तीत जातीचीही नोंद होणार आहे. त्या आकड्यांवर पुढची दहा-वीस वर्षं वाद होतील. त्या वादात आपल्या बाजूने बोलणारा माणूस फक्त आवाज चढवणारा नको, तक्ता वाचणारा हवा.

आता कॉलेजकडे येऊ. इथे गोंधळ भरपूर आहे आणि वालिदैन नेमके इथेच अडकतात.

'डेटा ॲनालिटिक्स' नावाची पाटी वेगवेगळ्या डिग्र्यांवर लागलेली दिसते. एक रस्ता इंजिनीअरिंगचा. पुणे विद्यापीठाने 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स' ही शाखा आणली आणि ती नाशिकमध्ये के. के. वाघसारख्या इंजिनीअरिंग कॉलेजात आहे. त्याला बारावी सायन्स, गणित आणि एमएचटी-सीईटी लागते. दुसरा रस्ता बीएस्सीचा: संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन. केटीएचएम, आरवायके ही इथली जुनी सायन्स कॉलेजं सगळ्यांना माहीत आहेत. तिथे जाऊन संख्याशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळेल का, एवढंच विचारा. 'डेटा' शब्द नावात नसलेली ही डिग्री आमच्या मते या कामासाठी सर्वांत पक्की आहे, आणि तिच्याकडे गर्दी सर्वांत कमी. नावात चमक नाही ना! तिसरा रस्ता बीसीएचा, आणि आपली बहुतेक मुलं, विशेषतः कॉमर्सच्या मुली, इकडेच वळतात.

बीसीए, बीबीए, बीएमएस हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या अखत्यारीत आले. त्यामुळे राज्याच्या सीईटी सेलने त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी लोकांना पत्ताच नव्हता. जागा उदंड, परीक्षा देणारे थोडे, मग जादा सीईटी घ्यावी लागली. यंदाही पुन्हा तेच झालं. या परीक्षेत भर इंग्रजी आणि तर्कावर आहे, जोडीला सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांचं घोडं इंग्रजीपाशीच अडतं, तेव्हा तयारी अकरावीपासून हवी.

सीईटीचा जाच नको म्हणून अनेक कॉलेजांनी एक युक्ती काढली. कोर्स तोच, शिक्षक तेच, नाव बदललं. बीसीएच्या जागी बीएस्सी किंवा बीकॉम आणि पुढे काहीतरी भारदस्त शेपूट. वरकरणी सोय झाली, परीक्षा वाचली. पण या नावबदलाची किंमत आपल्या मुलींना मोजावी लागू शकते, ती कशी ते समजून घ्या.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते निम्मं होतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही, मग त्यांची इमारत कितीही काचेची असो. सीईटी देऊन कॅपमधून बीसीए घेतलेली मुलगी आणि शेजारच्याच वर्गात नाव बदललेल्या कोर्सला थेट बसलेली मुलगी, दोघी तेच पायथन शिकतील, पण फीचा हिशेब दोघींचा वेगळा होऊ शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: या कोर्सला एआयसीटीईची मान्यता आहे का, प्रवेश कॅपमधून आहे का, आणि महाडीबीटीवर या कोर्सचं नाव दिसतं का. क्लार्क वैतागेल. वैतागू द्या.

आणि आता तो एक शब्द.

बागवान ही जात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. मोमीन-अन्सारी, कुरेशी, मण्यार, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम जाती आहेत. म्हणजे आमच्याकडे आलेल्या त्या मुलीला कॅपमधून बीसीएला फी माफ होऊ शकत होती, आणि तिचे वालिद मात्र क्लासला पैसे मोजून आले होते. आम्ही विचारलं, जातीचा दाखला? ते म्हणाले, काढलाच नाही, कधी कामच पडलं नाही. दाखला आणि पुढे पडताळणी यासाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. साधारण आजोबांच्या पिढीचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेच्या रजिस्टरचा उतारा. दुसऱ्या दिवशी ते आजोबांचा दाखला घेऊन आले. पिवळा पडलेला कागद, सुंदर वळणदार मोडी धाटणीचं अक्षर, आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द: 'मुसलमान'.

त्या काळच्या गुरुजींचा यात काही वाईट हेतू नसावा. रकाना धर्म आणि जातीचा एकत्र होता, त्यांनी समोर टोपी पाहिली आणि लिहिलं. शेजारच्या ओळीत कुणब्याच्या पोराला 'हिंदू कुणबी' लिहिलं असेल, आमच्या पोराला नुसतं 'मुसलमान'. सत्तर वर्षांपूर्वीचा तो अर्धवट भरलेला रकाना आज नातीच्या फीच्या आड आला आहे. डेटाची साफसफाई म्हणजे काय, हे त्या मुलीला आम्ही या कागदावरूनच समजावलं. पुस्तकातलं उदाहरण यापुढे फिकं पडेल.

उपाय असतो. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाच्याही नोंदीत जात आली असेल तर ती चालते: आजोबांचे भाऊ, त्यांच्या वडिलांची जन्म-मृत्यू नोंद, जमिनीचे जुने कागद. कुटुंबातल्या कुणाकडे आधीच पडताळणी प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. पण हे काम निकालानंतर सुरू करायचं नसतं. आम्ही आमच्या शाळेत आता आठवीतच मुलांना घरून हे कागद शोधून आणायला सांगतो. ज्यांची जात कुठल्याच आरक्षित यादीत नाही, म्हणजे बरीच सय्यद, पठाण, शेख कुटुंबं, त्यांनी ईडब्ल्यूएस दाखल्याचा विचार करावा. तो धर्म बघत नाही, उत्पन्न आणि मालमत्ता बघतो. आपल्यातल्या अनेकांना अजून वाटतं की ते फक्त 'त्यांच्यासाठी' आहे. तसं नाही.

ज्यांना कॉलेजची फी किंवा अंतर झेपत नाही त्यांच्यासाठी आणखी एक दार आहे. आयआयटी मद्रासने जून २०२० मध्ये ऑनलाइन पदवी सुरू केली, आज तिचं नाव 'बीएस इन डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स'. जेईई लागत नाही. बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी झालेलं हवं. चार आठवडे ते स्वतः शिकवतात आणि त्यावरच पात्रता परीक्षा घेतात; पास झालात तर आत. धडे घरी बसून, परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. पायाभूत टप्प्यात आठ विषय: गणित दोन, संख्याशास्त्र दोन, इंग्रजी दोन, संगणकीय विचारपद्धती आणि पायथन. विषयांचं हे वाटपच बघा. आठातले चार गणित आणि संख्याशास्त्राचे. सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करणाऱ्यांच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा, फरक लगेच दिसेल. उत्पन्न कमी असणाऱ्यांना आणि राखीव प्रवर्गांना फीमध्ये मोठी सवलत आहे, तिथेही पुन्हा दाखलेच लागतात. मध्येच थांबावं लागलं तर त्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हातात राहतो. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, तेव्हा मालेगावची मुलगी तिथल्याच कॉलेजात बीएस्सी करता करता हीसुद्धा करू शकते. सोपं आहे असं मात्र समजू नका. दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि लाइट गेली, नेट गेलं ही सबब चालत नाही. घरात पाहुणे आले म्हणून मुलीला लॅपटॉपवरून उठवून स्वयंपाकघरात पाठवलं, तर डिग्री होणार नाही. हे वाक्य आम्ही अम्मी लोकांसाठी मुद्दाम लिहिलं आहे, आणि अब्बांसाठीही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न घरात हळू आवाजात विचारला जातो: तीन वर्षं की चार? नव्या धोरणाप्रमाणे, जे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. 'तीन वर्षं झाली, आता निकाहचं बघू' असं ठरवणाऱ्या घरांशी आम्ही भांडत नाही. एवढंच म्हणतो की मुलीला परदेशात किंवा संशोधनाकडे जायचं असेल तर चौथं वर्ष मोलाचं आहे, आणि रिश्त्याची बोलणी करताना ही अट आधीच सांगितली तर समजूतदार लोक ती मानतात. आमच्या दोन विद्यार्थिनींच्या सासरी मानली आहे.

नोकरीबद्दल खोटी आस लावणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक जास्त. चॅटजीपीटीसारखी साधनं आज एक्सेलचं सूत्र, एसक्यूएलची क्वेरी क्षणात लिहून देतात. म्हणजे फक्त हत्यार चालवता येणाऱ्याची किंमत उतरते आहे, आणि ती आणखी उतरेल. यंत्राने दिलेलं उत्तर चुकलं आहे हे ज्याला कळतं, त्याची नाही. ते कळायला शुमारियात लागतं आणि ज्या धंद्याचे आकडे आहेत त्या धंद्याची जाण लागते. इथे आपल्या मुलांकडे काहीतरी आहे, आणि ते आपल्याला दिसत नाही.

त्या बागवान मुलीचंच घ्या. तिच्या घरी द्राक्षं, डाळिंबाच्या रोजच्या भावाच्या वह्या आहेत, दहा-बारा वर्षांच्या. कोणत्या गावचा माल कोणत्या आठवड्यात आला, किती सडला, उधारी कुणाकडे राहिली, सगळं. तिने त्या एक्सेलमध्ये उतरवायला घेतल्या आहेत. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने निर्यातबंदी केली आणि ४ मे २०२४ ला उठवली. बंदीच्या आधी, बंदीत आणि नंतर भावाचं काय झालं, एवढा एक अभ्यास नीट केला तरी मुलाखतीत दाखवण्यासारखं काहीतरी हातात येतं. मालेगावच्या यंत्रमागाचा हिशेब कुणी असा मांडला आहे का? सूत किती, वीज किती, मजुरी किती, माग किती तास बंद? मांडणारा पोरगा मालेगावचाच असला तर त्याला जे दिसेल ते हिंजवडीत बसलेल्याला दिसणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या ठिकाणी आकडे सांभाळणारी माणसं लागतात. पगार पुण्याएवढा नसेल, पण मुलगी संध्याकाळी घरी असेल, हा हिशेबही आपल्याकडे होतो.

ज्यांची मुलं अजून दहावीत आहेत त्यांच्यासाठी: गणित भाग १ च्या पुस्तकात शेवटची दोन प्रकरणं संभाव्यता आणि सांख्यिकी. उर्दूच्या पुस्तकातही तीच, एहतमाल आणि शुमारियात. बहुतेक शाळांत फेब्रुवारीत घाईघाईने उरकली जातात, 'मार्कांपुरतं करा' म्हणून. आम्हीही पूर्वी हेच करायचो, कबूल आहे. आता जुलैतच वर्गाची उंची, हजेरी, घरातल्या माणसांची संख्या मोजून घेतो आणि तिथून सुरुवात करतो. आणि अकरावीत कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं तरी गणित सोडू देऊ नका. नवव्या शतकात बगदादला बसून अल-किंदीने अक्षरं मोजून गुप्त लिपी उलगडण्याची रीत लिहून ठेवली, अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. पोरगं दहावीनंतर गणित सोडतं तेव्हा मात्र कुणी काही बोलत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. जादा सीईटी झाली म्हणून तिला परीक्षा देता आली, गुण ठीक आले. क्लासवाल्याने पैसे परत दिले नाहीत. ग्राहक मंचात तक्रार करायचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. आजोबांचे धाकटे भाऊ येवला तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले होते. तिथल्या मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढून फोनवर सांगितलं की नाव सापडलं आहे, पण पान वाळवीने खाल्लंय, रकान्यात 'मुसलमान बा' एवढंच वाचता येतं. प्रमाणित उतारा देताना ते काय लिहून देतात त्यावर सगळं आहे. सोमवारी तिचे वालिद येवल्याला निघालेत. आम्ही रजा टाकली आहे.